तळटीप १४ : ‘जिमखान्याचे क्लबहाउस’

१४. जिमखान्याचे क्लबहाउस : मुंबईत आझाद मैदानाच्या (तेव्हाचे एस्प्लनेड मैदान) दक्षिण टोकाची बॉम्बे जिमखान्याची इमारत. संस्थेची स्थापना १८७५ची. सदस्यत्व दीर्घकाळ केवळ युरोपियनांना मिळे. खेळाडूंनी कपडे बदलावेत, सदस्यांनी चहा-जेवण घ्यावे, पत्ते किंवा बिलियर्ड्स खेळावे आणि व्हरांड्यात बसून सामना पाहावा, अशी तिची योजना. मजकुरातील ‘व्हरांड्यातले साहेब’ म्हणजे हेच सदस्य. पुढे पारशी, इस्लाम व हिंदू जिमखान्यांचीही आपापली क्लबहाउसे आजच्या मरीन ड्राइव्हलगत उभी राहिली. भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३मध्ये बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर इंग्लंडविरुद्ध झाला. त्यात लाला अमरनाथ यांनी शतक झळकावले. — संपा.