वंशाचा रकाना कोण भरतो?

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींत वय आणि रक्तगटाच्या जोडीला वंशाचाही रकाना असतो, आणि शेजारामुळे तोही तितकाच पक्का वाटतो. प्रत्यक्षात त्यात काय लिहिले जाईल हे बव्हंशी लिहिणारा कोण आणि त्या वर्षीचा नियम कोणता यावर ठरत आले आहे. १९६० पूर्वीच्या जनगणनांत दारात आलेला प्रगणकच माणसाचा वंश ठरवत असे. भारतातून गेलेल्यांचा वंश १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ असा नोंदला गेला. त्यांतले बहुसंख्य पंजाबी शीख होते. १९७० मध्ये भारतीय गोऱ्यांत मोजले गेले. १९७७ मध्ये संघराज्य सरकारने वंशांचे चार गट ठरवून दिले, तेव्हा ते ‘आशियाई किंवा पॅसिफिक बेटवासी’ झाले आणि १९८० च्या जनगणनेत त्यांना ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र पर्याय मिळाला. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांचा वंशही असा कागदावर बदलत गेला. त्यांच्या शरीरात यातले काहीच घडले नव्हते.

अशा रकान्यावर विसंबून काढलेल्या आकड्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा अर्भकमृत्यूदराचा वाटतो. हा दर म्हणजे अपूर्णांक: अंशात मृत्यूचे दाखले, छेदात जन्माचे. १९८९ पूर्वी जन्मांच्या आकडेवारीत बाळाचा वंश पालकांवरून सूत्राने काढत. एक पालक गोरा आणि दुसरा नसेल, तर बाळाला गोऱ्या नसलेल्या पालकाचा वंश मिळे. वंशभेदाच्या कायद्यांमागचा हिशेब आरोग्याच्या कोष्टकात तसाच उतरला होता. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र वंश लिही अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक, नातेवाइकांना विचारून किंवा नुसता चेहरा पाहून. संशोधक रॉबर्ट हान आणि सहकाऱ्यांनी १९८३ ते १९८५ या काळातल्या, वर्षाच्या आत दगावलेल्या अर्भकांचे दोन्ही दाखले जोडून पाहिले व निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. जन्माच्या वेळी गोरी म्हणून नोंदलेल्या १.२ टक्के आणि काळी म्हणून नोंदलेल्या ४.३ टक्के अर्भकांचा वंश मृत्यूच्या दाखल्यावर वेगळा होता. बाकीच्या वंशांत हे प्रमाण ४३.२ टक्के होते. मूलनिवासी म्हणून जन्मलेली कितीतरी मुले गोरी म्हणून पुरली गेली आणि त्यांच्या समाजाचा मृत्यूदर होता त्यापेक्षा कमी दिसत राहिला. ज्यांच्या दुःखाची दखल घेण्यासाठी हा रकाना ठेवला, त्यांचेच दुःख त्यात हरवत होते. १९८९ पासून जन्मांची कोष्टके आईच्या वंशानुसार होऊ लागली. त्यामुळे काळ्या बाळांचा छेद आक्रसला आणि दर वाढलेला दिसला, एकही जास्त बाळ न दगावता.

इतका डळमळीत रकाना उपचाराच्या सूत्रात शिरला की नुकसान थेट रुग्णाचे होते. मूत्रपिंडांची क्षमता रक्तातल्या क्रिएटिनिन या द्रव्यावरून काढण्याच्या २००९ च्या सूत्रात रुग्ण काळा असल्यास उत्तराला १.१५९ ने गुणत. त्यामुळे मूत्रपिंडे होती त्यापेक्षा बरी दिसत आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव उशिरा लागे. आई गोरी आणि वडील काळे असतील तर कितीने गुणायचे, याचे उत्तर सूत्रात नव्हते. हा गुणक २०२१ मध्ये वगळला गेला.

मग रकानाच काढून टाका, असे म्हणणारे आहेत. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये सरकारी यंत्रणांना वंशाची नोंद करायला बंदी घालणारा प्रस्ताव मतदानाला आला होता. वैद्यकीय संशोधनाला सूट देऊनही सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातून त्याला विरोध झाला आणि मतदारांनी तो फेटाळला. मला तो निर्णय योग्य वाटतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे उदाहरण पुरेसे आहे. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन खरोखर ८८ च्या खाली असल्याचे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगनच्या अभ्यासात, काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत आढळले, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. रकाना नसता तर रुग्णालयाच्या नोंदींतून हा दोष दिसला नसता. पण दोषाचा संशय आहे तो त्वचेच्या रंगद्रव्यावर, आणि त्याची नोंद त्यांत नव्हती. रकान्याने शंका घ्यायला लावली, इतकेच त्याचे काम. कारण शोधायला दुसरीकडेच जावे लागते.

रुग्णालाच विचारले की प्रश्न सुटतो, हा दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे. पण माणूस समोर ठेवलेल्या पर्यायांतूनच उत्तर देतो. ‘आशियाई’ या एका खुणेत चिनी, जपानी आणि भारतीय एकत्र आले, की सरासरी दिलासादायक दिसते आणि भारतीयांमधला हृदयविकाराचा मोठा वाटा तिच्याखाली झाकला जातो. संघराज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या सुधारित नियमांत पोटगट विचारण्यावर भर आहे आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेच्या लोकांसाठी वेगळा पर्याय आहे. तरीही बेशुद्ध रुग्ण, नवजात बाळ आणि मृत व्यक्ती यांच्या वतीने दुसराच कोणी उत्तर देणार. म्हणून वंशाच्या प्रत्येक नोंदीपुढे ती रुग्णाने सांगितली, नातेवाइकाने की कर्मचाऱ्याने अंदाजाने भरली, हेही लिहिले जायला हवे. म्हणजे दर काढणाऱ्याला अंदाजाच्या नोंदी वेगळ्या काढून हिशेब तपासता येईल.