जैवगतिक प्रतिमान

किरणोत्सर्गी मूलद्रव्य श्वासातून, अन्नातून किंवा जखमेतून शरीरात शिरल्यावर कुठे जाते, कोणत्या अवयवात किती दिवस राहते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, याची गणिती मांडणी. रक्त, यकृत, हाडे, मूत्राशय असे शरीराचे कप्पे कल्पून एकातून दुसऱ्यात पदार्थ किती वेगाने जातो ते ठरवतात. पाझरणाऱ्या माठात पाणी जितके जास्त तितका पाझर जास्त. कप्प्यांचा हिशेबही बहुधा याच नियमाने चालतो.

शरीराला किरणोत्सर्ग कळत नाही, रसायन कळते. म्हणून आयोडीन गळ्यातल्या अवटू ग्रंथीत जाते, स्ट्रॉन्शियम व रेडियम कॅल्शियमच्या वाटेने हाडांत, तर सीझियम पोटॅशियमसारखे स्नायूंत पसरते. मुंबईत परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात (स्थापना १९६३) ही वाटचाल प्रत्यक्ष मोजता येते. तिथे तपासणीला गेलेल्या रुग्णाला आयोडीन-१३१ ची अल्प मात्रा पाजतात आणि २४ तासांनी गळ्यासमोर गणक धरतात. प्रमाण प्रतिमानानुसार सुमारे ३० टक्के आयोडीन ग्रंथीत, बाकीचे लघवीत. या आयोडीनचे भौतिक अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) ८ दिवस, ग्रंथीतले जैविक अर्धायुष्य सुमारे ८० दिवस; दोन्ही मिळून परिणामी अर्धायुष्य ७.३ दिवस. सीझियम-१३७ चे भौतिक अर्धायुष्य ३० वर्षे, पण प्रौढाच्या शरीरातून त्यातले निम्मे साधारण ११० दिवसांत निघून जाते. प्लुटोनियमचे तसे नाही. ते यकृतात सुमारे २० आणि हाडांत ५० वर्षे अर्धायुष्याने चिकटून राहते.

प्रतिमानाची खरी गरज इथेच लागते. सीझियमचे गॅमा किरण अंगाबाहेर येतात, ते संपूर्ण-शरीर गणक पकडतो. प्लुटोनियमचे अल्फा कण मात्र शरीराबाहेर पोचतच नाहीत. अशा वेळी कामगाराच्या लघवीतल्या अंशावरून, प्रतिमान उलटे चालवून, आत किती गेले ते काढावे लागते.

असा हिशेब करताना एक ठरावीक शरीर गृहीत धरावे लागते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९७५ मध्ये मांडलेला ‘प्रमाण मानव’ ७० किलो वजनाचा, १७० सेंटिमीटर उंचीचा, पाश्चात्त्य राहणीचा. त्याची अवटू ग्रंथी २० ग्रॅमची. तीच ग्रंथी १६ ग्रॅमची असेल, तर तितक्याच आयोडीनने तिला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा सुमारे सव्वापट होते. उसन्या मापाने आपल्या कामगाराचा व रुग्णाचा हिशेब करणे म्हणूनच बरोबर नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एच. एस. डांग व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘प्रमाण भारतीय मानवा’चा प्रस्ताव मांडला, त्यात भारतीयांची शरीररचना, शरीरक्रिया व चयापचय यांचे आकडे आहेत.