पहिले केंद्रीय मंत्रिमंडळ आणि बाबासाहेबांचा राजीनामा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी नेहरूंचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. काँग्रेसचे कडवे विरोधक डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यात कायदामंत्री, तर हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योगमंत्री झाले. ही मोट टिकली नाही. एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत कराराच्या वेळी मुखर्जी व के. सी. नियोगी बाहेर पडले.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. आपल्याकडे त्याचे कारण म्हणून फक्त हिंदू कोड बिल सांगितले जाते. ते अपुरे आहे. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, महत्त्वाची खाती न मिळणे, हेही निवेदनात होते. ते वाचण्यापूर्वी त्याची प्रत मागितली गेली. बाबासाहेबांनी सभागृह सोडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले.