काशीची घटका आणि चावीची घड्याळे

काशीक्षेत्री पिढ्यान् पिढ्या वास्तव्य करून राहिलेल्या महाराष्ट्रीय घराण्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे घाट, वाडे, वेदशाळा, गणेशोत्सव यांचा परामर्श थोरामोठ्यांनी घेतलेला आहे. परंतु दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांतील जुन्या घरांच्या कोनाड्यांतून आणि पेट्यांतून बंद पडून राहिलेल्या चावीच्या घड्याळांविषयी कोणी काही लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गेली काही वर्षे आम्ही तिघे-चौघे मंडळी निव्वळ हौसेपोटी ही घड्याळे उघडून चालू करण्याच्या खटपटीत आहोत. आमच्यापैकी कोणाचाही हा पोटाचा धंदा नव्हे. या खटपटीत हाती यश थोडे आले, निराशाच अधिक आली. ती का आली याचा विचार करू लागलो तेव्हा तो विचार आम्हांस आमच्या टेबलावरून थेट मानमंदिराच्या गच्चीवर घेऊन गेला. म्हणून हा लेख.

आपल्या पूर्वजांचे कालमापन घटका, पळे आणि विपळे यांचे होते. अहोरात्रीच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. म्हणजे घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडावे, ते भरून बुडाले की एक घटका झाली. मंगलाष्टके या पात्राकडे डोळे लावून म्हटली जात आणि ‘घटका भरणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आपल्या भाषेत राहिला. या साधनाची दुरुस्ती म्हणजे छिद्रात अडकलेला गाळ काढणे. ती घरातील कोणासही करता येई. गंमत अशी की, बहुतेक जुन्या मनगटी घड्याळांचे तोलचक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. विपळ सेकंदाच्या दोन-पंचमांश असल्यामुळे एका विपळात घड्याळाचे बरोबर दोन ठोके पडतात. स्वित्झर्लंडच्या कारागिरांनी आपल्या विपळाचा विचार केलेला नव्हता हे उघडच आहे. तरी हिशेब जुळतो खरा.

यंत्र आणि त्याची झीज हा प्रश्न काशीस नवा नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानमंदिराच्या गच्चीवर जी वेधशाळा उभारली, तिची यंत्रे दगडाची का, याचे उत्तर त्यांच्याच ‘झीज मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांवर सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत, त्यांचे आस झिजतात व हलतात, केंद्र जागचे सरकते. म्हणून त्यांचे वेध चुकतात, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार वाचताना आम्हांस एखाद्या जुन्या खिशातील घड्याळाचे रोगनिदानच वाचल्यासारखे वाटले. आस झिजणे आणि केंद्र सरकणे! घड्याळ चुकीची वेळ दाखवते ते बहुधा याच दोन कारणांनी. जयसिंहांस पितळ सोडून दगडाकडे जाण्याची मुभा होती. मनगटावर बांधावयाच्या वस्तूस ती नाही.

पुढे या यंत्रांचीही उपेक्षा झाली. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७२ मध्ये ही वेधशाळा पाहिली व तिचे वर्णन १७७७ मध्ये विलायतेत प्रसिद्ध केले. एतद्देशीय अभ्यासकांपैकी तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीने लक्ष देणारे ठळक नाव म्हणजे महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री. आपल्या समाजास अभिमान वाटावा असे हे गृहस्थ. जन्म १८२१ मध्ये पुण्यास, शिक्षण सिहोर येथे विल्किन्सनसाहेबांच्या नजरेखाली, आणि १८४२ पासून अध्यापन काशीच्या संस्कृत पाठशाळेत. त्यांनी मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन लिहिले आणि जुन्या गणिताने आलेले ग्रह आकाशात दिसत नाहीत हे पाहून ‘नॉटिकल अल्मनाक’च्या आधारे पंचांग काढले. यंत्र उभे आहे म्हणून ते खरे सांगते असे नव्हे, त्याचे म्हणणे आकाशाशी ताडून पाहिले पाहिजे, ही शिस्त त्यांच्या कामातून दिसते. वेधशाळेची मोठी दुरुस्ती मात्र जयपूर दरबाराने १९११ च्या सुमारास करविली. तोवर बापूदेवांना जाऊन वीस वर्षे लोटली होती.

दरम्यान काशीची वेळही बदलत होती. १८८७ मध्ये राजघाटचा डफरिन पूल सुरू झाला आणि आगगाडी थेट गंगा ओलांडून शहराच्या काठाशी आली. गाडी मद्रासच्या वेळेने धावे, पंचांग काशीच्या सूर्याने चाले; दोहोंत सुमारे ११ मिनिटांचे अंतर पडे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाणवेळ आली. ती रेषा काशीच्या पश्चिमेस मिर्झापूरजवळून जाते, त्यामुळे काशीचा स्थानिक काळ या वेळेच्या केवळ दोन मिनिटे पुढे राहिला. मुंबईकरांस आपल्या जुन्या वेळेत व नव्या वेळेत ३९ मिनिटांचा फरक पडला म्हणून ते कित्येक वर्षे भांडत बसले. काशीकरांस भांडावयास कारणच उरले नाही. गंगेच्या पलीकडे रामनगरच्या किल्ल्यात एकोणिसाव्या शतकातले एक मोठे खगोलीय घड्याळ आहे. वेळेबरोबर वर्ष, महिना, वार, सूर्य, चंद्र, नक्षत्रे असे सारे एकाच तबकडीवर सांगण्याची त्याची हौस पाहिली म्हणजे हा संधिकाल डोळ्यांपुढे उभा राहतो.

याच काळात चावीची घड्याळे घरोघर येऊ लागली. मुंबईत १८८६ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे फौजेत आणि रेल्वेत फार चालत. तिच्या ‘सोवार प्रिमा’ या घड्याळाचे नावच आपल्या ‘स्वार’ शब्दावरून पडलेले आहे. त्याखेरीज फेवर ल्यूबा, रोमर, कॅमी ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. पुण्यामुंबईच्या सोयरिकींतून, नोकरीतल्या पहिल्या पगारातून, मुंजीत व लग्नात ती इकडे आली.

आता आमच्या निराशांकडे वळतो. पहिली शत्रू काशीची हवा. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांस भिडतो, लू वाहते आणि तिच्याबरोबर येणारी धूळ झाकणाच्या फटीतून आत शिरते. त्या उष्म्याने तेल पसरते, सुकते, त्याचा डिंक होतो. मागोमाग आषाढ येतो आणि पोलादी भागांवर तांबेऱ्याचे ठिपके उमटतात. स्वच्छ करून, नवे तेल घालून चैत्रात चालू केलेले घड्याळ भाद्रपदात पुन्हा टेबलावर येते.

दुसरी अडचण तोलचक्राच्या आसाची. त्याची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड, किंबहुना त्याहूनही बारीक असतात. १९३० च्या दशकात निघालेली धक्का सोसणारी स्प्रिंगची बैठक पुढे सर्वत्र रूढ झाली. पण त्याआधीचे घड्याळ फरशीवर पडले की आस मोडलाच म्हणून समजावे. ब्रह्माघाटावरील एका घरातून आलेल्या ‘सोवार प्रिमा’चे असेच झालेले होते. त्याचा आस बाजारात मिळत नाही. तो लेथवर नवा घडविणारे कारागीर विरळ झाले. उरला मार्ग म्हणजे त्याच जातीचे दुसरे मेलेले घड्याळ मिळवून त्याचा आस काढणे. असे एक घड्याळ आम्ही एका दूरच्या व्यापाऱ्याकडून मागविले. वरून तबकडी ‘सोवार’ची, आतले यंत्र भलत्याच घड्याळाचे! दुसरे मागविले, त्याचा आस आधीच मोडलेला. तिसऱ्याचा आस चांगला निघाला, तो बसलाही; पण मूळ घड्याळाची बालकमानी कोणे एके काळी कोणी वाकवून सरळ केलेली असल्याने ठोका सम पडेना. आकडे मांडून पाहता त्या एका घड्याळापायी आमचे चौदा महिने गेले.

चौकाच्या बाजूस बसणारे एक वृद्ध घडीसाज (आपल्याकडील घड्याळजी) आमचे याबाबतीत गुरू. बालकमानीचे वेटोळे चिमट्याने कसे धरावे हे त्यांनी दाखविले, आणि आम्ही शंभरदा पाहूनही ते आम्हांस त्यांच्यासारखे साधत नाही. ठोका ऐकून आलेख काढणारे यंत्र आम्ही विकत घेतले आहे. ते दोष अचूक सांगते, पण बोटांस शिकवीत नाही. त्यांच्या मुलांनी हा धंदा धरला नाही, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा? सेल बदलण्याचे पैसे रोज मिळतात, आस बदलण्याचे महिन्यातून एकदाही नाही.

या घसरणीचा इतिहास फार जुना नाही. सायकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानात विक्रीस आले. आपल्याकडे एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’ हे तिचे साधे चावीचे घड्याळ मध्यमवर्गाच्या मनगटावर वर्षानुवर्षे राहिले. कुमाऊँमधील राणीबाग तेव्हा उत्तर प्रदेशातच होते, तेथेही १९८० च्या दशकात या कंपनीचा कारखाना उभा राहिला. त्याच दशकात टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि पारडे फिरले. २०१६ मध्ये एचएमटीचे घड्याळांचे काम बंद झाले. ‘जनता’चे सुटे भाग आजही मिळतात, म्हणून आमची थोडी यशे प्रायः याच घड्याळाची आहेत. स्विस घड्याळांबाबत ती सोय नाही.

एका बाबतीत आमच्यात मतभेद आहे तोही नमूद करतो. जुनी तबकडी डागळलेली, आकडे पुसट झालेले. ती नव्याने रंगवून घ्यावी काय? मुंबईहून अशी चकचकीत घड्याळे परदेशी फार जातात, आणि तिकडचे जाणते संग्राहक त्यांस नाके मुरडतात. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, घालणाऱ्यास वाचता आले नाही तर ते घड्याळ कसले. इतरांस वाटते की आजोबांच्या घामाने पिवळी पडलेली तबकडी रंगविली तर आत उरते ते कोणाचेही यंत्र. ‘सोवार प्रिमा’ची तबकडी आम्ही तशीच ठेवली. ते घड्याळ आता दिवसाकाठी चार मिनिटे, म्हणजे दहा पळे, मागे पडते. याहून सुधारणा आमच्याच्याने झाली नाही. त्या घरच्या आजी रोज सकाळी पूजेपूर्वी त्यास चावी देतात आणि काटे दहा पळे पुढे सारतात.

अद्याप आसावाचून पडलेली सात घड्याळे आमच्यापाशी आहेत; त्यांपैकी चार वेस्ट एंडची, दोन रोमरची, एक फेवर ल्यूबाचे. ज्या सभासदांच्या घरी या जातींची बंद घड्याळे असतील त्यांनी ती भंगारात न देता मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. काच फुटलेली, काटे नसलेली, गंजलेली असली तरी चालतील.