रक्ताची बाटली आणि भैय्या चौकातले डॉक्टर

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. चीनला गेले, १९४२ मध्ये ३२व्या वर्षी तिथेच वारले, एवढं आपल्याला माहीत असतं. आज त्याच गोष्टीतला एक धागा पकडू: रक्त.

लंडनच्या जेम्स ब्लंडेलने बाळंतपणानंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईला दुसऱ्या माणसाचं रक्त दिलं. ही नोंद १८२९ची. रक्तगट कळले १९०१ मध्ये, म्हणजे तोवर सगळा जुगारच! आणि बराच काळ रक्त देणारा पेशंटशेजारीच लागायचा.

मग १९३६चं माद्रिद. युद्ध चालू होतं. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनने रक्त बाटल्यांत भरलं, थंड ठेवलं आणि गाडीतून थेट आघाडीवर नेलं. जखमी रक्ताकडे येण्याऐवजी रक्तच जखमींकडे निघालं. पुढे ते चीनला गेले आणि १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख १९४१ मध्ये झाले आपले कोटणीस. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

आता गाडी मंगळवेढा रोडवर आणू. सातव्या महिन्यातली बाई बाईकवरून पडली, पोटाला मार लागला. बाहेर रक्त नाही, ती बोलतेय, घरचे म्हणतात, "काही नाही झालं." इथेच घात होतो. धक्क्याने वार गर्भाशयापासून सुटू शकते आणि रक्त आतच साठतं. त्यात गरोदरपणात शरीरातलं रक्त ४०-५० टक्क्यांपर्यंत वाढलेलं असतं, त्यामुळे बरंच रक्त गेलं तरी नाडी आणि बीपी ठीक दिसतात. मग अचानक कोसळतात. बाळाला तर त्याआधीच त्रास सुरू झालेला असतो.

म्हणून लगेच १०८. मानेला-पाठीला मार नसेल तर तिला डाव्या कुशीवर झोपवा; उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास बाळाचे ठोके बघावेच लागतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण अँटी-डी इंजेक्शन शक्यतो ७२ तासांत द्यावं लागतं.

मोठी रक्तपेढी शहरात असते. तालुक्याच्या काही रुग्णालयांत तिथूनच आणलेल्या पिशव्यांचा छोटा फ्रिज असतो, म्हणजे माद्रिदचीच कल्पना. आपल्या जवळच्या रुग्णालयात तो आहे का, हे सातवा महिना लागण्याआधीच विचारून ठेवा.