आडवी बाटली

दारूबंदीच्या मतपत्रिकेवर उमेदवार दोनच: उभी बाटली आणि आडवी बाटली. राज्याच्या २००८च्या आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला कौल दिला, तर परवान्याचं दुकान बंद होतं. एकूण मतदार, नुसत्या मतदानाला आलेल्या नव्हेत. आमदाराला अशी अट कुणी घातलेली नाही.

या बाटलीचं एक मूळ धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या शेजारी, शहाद्यात सापडतं. तेव्हा दोन्ही तालुके त्याच जिल्ह्यात होते. १९७२च्या दुष्काळात तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल सालदार आणि शेतमजूर, अंबरसिंग महाराजांचं नेतृत्व, गेलेल्या जमिनींची आणि मजुरीची लढाई. मोर्चात बायका पुढे असत. त्याच बायका घरी पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार खात. मग हाही विषय त्यांनीच काढला आणि १९७३च्या सुमारास त्या गावोगावच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. मोहाची फुलं आंबवलेला सडवा मातीत ओतला, मडकी फोडली.

पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. एखादीने मार खाल्ल्याचं सांगितलं, की साऱ्याजणी नवऱ्याला घेरत, चोप देत आणि चारचौघांत त्याला बायकोची माफी मागायला लावत. मला मडक्यांपेक्षा हे मोठं वाटतं, कारण शुद्धीतला नवराही मारतोच.

गुन्ह्याच्या बळींचा अभ्यास करणाऱ्यांची सुरुवात वेगळी होती. १९४८मध्ये हान्स फॉन हेंटिग यांनी गुन्हा घडण्यात बळीचाही काही वाटा असतो का, हे तपासायला घेतलं. ‘तूच काही बोलली असशील’ हे आपल्याकडे सासू-शेजारणी पुस्तकाविनाच म्हणत आल्या आहेत. १९७९मध्ये कोहेन आणि फेल्सन यांनी मांडलं, की गुन्ह्याला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: करणारा, त्याच्या तावडीत सापडणारा आणि राखणारं कुणी नसणं. शहाद्याच्या बायका त्याआधीच एकमेकींची राखण करत होत्या. शिवाय कोहेन आणि फेल्सन यांचा भर माणसांच्या घराबाहेर वाढलेल्या वावरावर होता. इथे धोका चुलीपाशी होता.

मतपत्रिकेने बाटली तेवढी घेतली. माफीला तिच्यावर रकाना नाही. आणि शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी हातभट्टी लागते तिथे परवानाच नसतो, मग मतदान घ्यायचं कशावर? तिथे पोलिसांत तक्रार द्यायची, नाहीतर बायकांनी स्वतःच भट्टी गाठायची.