ईमच्या वेशीवरचा दगड

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्याचा डोंगराळ भाग ‘पीक डिस्ट्रिक्ट’ या नावाने ओळखला जातो. ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ साली येथेच झाले. सुट्टीच्या दिवशी शेफील्ड-मँचेस्टरकडची मंडळी येथे येतात, डोंगरवाटा पायी हिंडतात, चॅट्सवर्थचा वाडा पाहतात. त्यांतील बरेच जण ईम नावाच्या एका लहान गावालाही भेट देतात.

येथे पाहायचे तरी काय? काही दगडी घरांवरच्या पाट्या, चर्चच्या आवारातील एक कबर, माळावरची सात थडगी आणि वेशीबाहेर सहा खळगे पाडलेला एक दगड. या सर्वांचा संबंध १६६५-६६ च्या प्लेगशी आहे.

सप्टेंबर १६६५ मध्ये गावातील शिंप्याकडे लंडनहून कापड आले. त्यातून प्लेगच्या पिसवा आल्या असे परंपरेने सांगितले जाते. पहिला बळी ठरला शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स. हिवाळ्यात साथ मंदावली, पण १६६६ च्या जूनमध्ये ती पुन्हा भडकली. तेव्हा तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचे पदच्युत पाद्री थॉमस स्टॅन्ले हे दोघे, आपसांतील धर्मविषयक मतभेद असूनही, एकत्र आले. त्यांनी ग्रामस्थांना पटवले, की कोणी गाव सोडायचे नाही, प्रार्थना उघड्यावर करायची आणि आपल्या घरची माणसे आपणच पुरायची. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरच्या अर्लने अन्न पुरवले. शेजारच्या गावचे लोक वेशीवर जिन्नस ठेवत. ईमचे लोक त्याचे पैसे दगडातील खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवत.

ऑगस्टमध्ये मृत्यूंनी कळस गाठला. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती आणि सहा मुले यांना पुरले. माळावरची सात थडगी त्यांची. मॉम्पेसनने आपली मुले आधीच बाहेरगावी पाठवली होती, पण त्याची पत्नी कॅथरिन गावातच राहिली आणि मरण पावली. चर्चच्या आवारातील कबर तिची. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर सुमारे २६० माणसे गेली होती.

हा त्याग सार्थकी लागला का? शेजारच्या गावांत साथ पसरली नाही, हे खरे. पण १८९४ साली यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जीवाणू शोधला आणि १८९८ साली सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून, उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात असे दाखवले. मग प्रश्न अवघड झाला. रोग उंदरांकडूनच येत असेल, तर माणसांना कोंडून काय साधले? उंदीर काही मॉम्पेसनचे ऐकणार नव्हते. उलट जी माणसे निघून जाऊन वाचली असती, ती रोगट उंदरांच्या सहवासात अडकली, असेही म्हणता येते.

याचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडली ती गावची मृत्युनोंद. तिच्यात नावे व तारखा आहेत, त्यामुळे कोणत्या घरात कोणानंतर कोण गेले हे कळते. २०१६ साली व्हिटल्स व डिडलो या संशोधकांनी या नोंदींचे गणिती विश्लेषण केले. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली, आणि घरातल्या घरात तिचा जोर अधिक होता. ती श्वासावाटे झाली की माणसांच्या अंगावरील पिसवा-उवांमुळे, हे मृत्यूच्या तारखांवरून ठरत नाही. पण माणसेच रोग वाहून नेत असतील, तर गावाने स्वतःला अडवून घेणे शेजाऱ्यांच्या दृष्टीने योग्यच होते. त्याची किंमत मात्र एकाच घरात राहणाऱ्या आप्तांनी मोजली.

विद्यार्थ्यांसाठी येथे एक छोटे गणित आहे. ईमची तेव्हाची वस्ती पूर्वी ३५० मानत. म्हणजे सुमारे ७४ टक्के लोक दगावले. अलीकडे ती ७०० च्या आसपास धरतात. तसे असेल, तर हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. मृतांची संख्या तीच, पण भागायचे कशाने हे बदलताच गावाचे चित्र पालटते. कोणत्याही साथीचे आकडे वाचताना मुलांनी हा छेद आधी विचारावा.